दोन नावांचा कॉम्प्युटर

सोमवारी, १२ जानेवारीला, पहाटे पाच चाळीसला हरिचंद्र गायकर काट्याच्या लोखंडी प्लॅटफॉर्मवर उभे होते. मान वळवून त्यांनी केबिनच्या भिंतीवरचा लाल आकडा पाहिला. सत्तर. ते खाली उतरले. शून्य. काटा बरोबर होता.

अंबरनाथ पूर्वेला, कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर हा वजनकाटा आहे. साठ टनांपर्यंतच्या गाड्या तो तोलतो. दहा किलोच्या आतलं त्याला कळत नाही, त्यामुळे गायकरांचं वजन गेली अकरा वर्षं सत्तरच आहे. पहिली गाडी यायच्या आत ते स्वतः एकदा चढून उतरतात. तसं करायला त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

गायकर छप्पन्न वर्षांचे आहेत. राहायला चामटोलीला, बदलापूरच्या पुढे. मोटरसायकलवर पाचला निघतात. गावातल्या घराच्या दोन वाटण्या झाल्या आहेत. एकीकडे भावाचं कुटुंब, दुसरीकडे गायकर. लग्न केलेलं नाही. का, असं विचारलं तर ‘राहून गेलं’ म्हणतात. रात्रीची भाकरी भावजय पाठवते. पुतणी उन्नती ताट आणून ठेवते, ‘काका, जेवा’ म्हणते आणि जाते. बहुतेक दिवशी त्या घरातलं बोलणं एवढंच.

त्या सोमवारी केबिनमध्ये जुना कॉम्प्युटर नव्हता. विंडोज सेव्हनवर चालणारा तो करडा डबा आदल्या दिवशी, रविवारी, मालक धर्मेशशेठनी काढून टाकला होता. जागेवर काळा, निम्म्या आकाराचा नवा डबा होता आणि त्यात विंडोज इलेव्हन. बसवायचं काम अंबरनाथ पूर्वेलाच कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या श्रद्धा शेलार यांनी केलं होतं. शेठनी रविवारी संध्याकाळी फोनवर सूचना दिल्या होत्या: आपल्या नावावर क्लिक करायचं, मग चार आकडे टाकायचे. गायकरांचे आकडे म्हणजे त्यांच्या मोटरसायकलचा नंबर.

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात खाली दोन नावं होती. हरिचंद्र आणि मुकेश. गायकरांनी आपल्या नावावर क्लिक केलं, आकडे टाकले आणि आत गेले.

जुन्या पडद्यावर शेठच्या वडिलांनी लावलेला लक्ष्मीचा फोटो होता. नव्यावर निळ्या चुण्या होत्या. फूल आहे की घडी मोडलेलं कापड, ते त्यांना ठरवता येईना. डाव्या कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण सरकून मधे आलं होतं. हात मात्र सवयीनं कोपऱ्यातच गेला. तिथे क्लिक केल्यावर समजलं, की बाहेर एकोणीस अंश तापमान आहे, आणि एका नटानं घर बदललं आहे. दिवसभरात हात तिथे बारा-तेरा वेळा गेला असेल. तापमान कळत राहिलं.

वजनाचा प्रोग्रॅम सापडला. जुन्या सगळ्या पावत्या त्यात होत्या. त्यानंतर त्यांनी जे शोधलं तेही पडद्यावर होतं, उजव्या बाजूला, अगदी पूर्वीच्याच जागी: ‘चार्ज’ नावाची फाइल.

या फाइलबद्दल आधी सांगायला हवं. काटा पहाटे सहा ते दुपारी एक आणि चार ते रात्री नऊ असा चालतो. सकाळी कारखान्यांत माल येतो, संध्याकाळी जातो; मधले तीन तास कुलूप. सकाळची पाळी गायकरांची. संध्याकाळची मुकेश तलरेजा यांची. तलरेजा एकसष्ट वर्षांचे, उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये राहणारे. त्यांचं चादरींचं दुकान होतं, ते बंद केल्यावर ते इथे लागले. एक जातो तेव्हा दुसरा आलेला नसतो. दसऱ्याची पूजा वगैरे धरून अकरा वर्षांत दोघं समोरासमोर आले ते सात-आठ वेळा. चार्ज द्यायचा तर लिहूनच, म्हणून तलरेजांनी पहिल्याच आठवड्यात ही फाइल उघडली. दोघंही इंग्रजी अक्षरांत लिहायचे. गायकरांची मराठी, तलरेजांची मराठीत सुरू होऊन हिंदीत पोचणारी.

सुरुवातीच्या नोंदी कामाच्या आहेत. नंतरच्या अशा:

‘प्रिंटरची रिबन संपत आली. पांढरं कुत्रं प्लॅटफॉर्मवर बसतं, झिरो येत नाय. मी ७०.’

‘कुत्र्याची पावती फाडली, वीस किलो. पार्टीचं नाव काय टाकू? मी ९०.’

‘शेठचं टाक.’

आपलं वजन लिहून सही करायची, ही पद्धत अशीच पडली. तलरेजा चारला येऊन प्लॅटफॉर्मवर चढायचे, ते नव्वद. फाइलमध्ये रविवार सोडून रोजच्या दोन-चार ओळी आहेत, अकरा वर्षांच्या. एकमेकांचा नंबर दोघांच्या फोनमध्ये आहे. गायकरांकडे तो ‘मुकेश काटा’ नावाने आहे. त्यावर त्यांनी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा आकड्याची पाटी बंद पडली म्हणून.

फाइलमधल्या शेवटच्या तीन नोंदी गायकरांनी त्या सोमवारी वाचल्या. पहिली तलरेजांची, शुक्रवार संध्याकाळची; गायकरांना ते सिंधी रिवाजानं ‘साईं’ म्हणतात: ‘साईं, रविवारी घरी ये. आमची सिंधी कढी. अकरा साल हो गये, एकदा तरी.’ दुसरी त्यांची स्वतःची, शनिवार सकाळची: ‘बघू.’ तिसरी त्यांनी प्रथमच पाहिली. शनिवारी संध्याकाळी तलरेजांनी लिहिलं होतं: ‘बघू नको, ये. एक वाजता. कॅम्प तीन, पिठाच्या गिरणीसमोरची बिल्डिंग, दुसरा माळा. वाट बघतो.’

रविवार होऊन गेला होता. गायकरांनी लिहिलं:

‘शनिवारचं आज वाचलं. काल काटा बंद, मला कळणार कसं? माफ कर. नवा डबा पाहिलास ना? पडद्यावर फूल हाय की चादर? तुझा धंदा, तू सांग. मी ७०.’

दुपारी एकला कॉम्प्युटर बंद करायचं बटण सापडेना. शेवटी त्यांनी भिंतीवरचा स्विच बंद केला.

मंगळवारी पहाटे फाइल उघडली. शेवटची ओळ त्यांचीच होती. खाली काही नव्हतं.

तलरेजा आले नसतील, असं त्यांना आधी वाटलं. त्यांनी वजनाच्या प्रोग्रॅममध्ये पाहिलं. सोमवारी संध्याकाळी एकतीस पावत्या फाटल्या होत्या, प्रत्येकीवर मुकेश हे नाव. म्हणजे माणूस आला होता, पाच तास त्याच खुर्चीत बसला होता आणि त्यानं काही लिहिलं नव्हतं.

‘रागावलास काय? कढी काय पळून जात नाय. मी ७०,’ गायकरांनी लिहिलं. बुधवारी पहाटे पुन्हा खाली काही नव्हतं.

बुधवारी संक्रांत होती. दर वर्षी भावजयीच्या हातचे चार तिळाचे लाडू ते कागदात बांधून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवतात. या वर्षीही ठेवले आणि फाइलमध्ये लिहिलं: ‘ड्रॉवर बघ. मी ७०.’ गुरुवारी ड्रॉवर रिकामा होता. कागदाची घडी घालून ठेवली होती. फाइलमध्ये ओळ नव्हती.

लाडू तसेच राहिले असते तर त्यांना बरं वाटलं असतं, असं ते म्हणतात. ‘म्हणजे घेतो, खातो, पण बोलायचं नाय.’ गुरुवारी दहाच्या सुमाराला गाड्यांची रांग संपल्यावर त्यांनी फोनमध्ये ‘मुकेश काटा’ काढला. लिहीत का नाहीस, हे फोनवर विचारायचं कसं, ते त्यांना सुचेना. त्यांनी फोन खिशात ठेवला. कागदावर चिठ्ठी लिहून ठेवायचा विचारही आला. जो लाडू घेऊन उत्तर देत नाही त्याला चिठ्ठी म्हणजे विनवणी, म्हणून तो सोडला.

त्या आठवड्यात गायकर ड्रायव्हर लोकांशी नेहमीपेक्षा जास्त बोलले. खालापूरहून भंगार घेऊन येणाऱ्या रघु नावाच्या ड्रायव्हरला त्यांनी खिडकीतून विचारलं, ‘घरी कोण कोण असतं तुझ्या?’

‘का काका, पोरगी बघितली का माझ्यासाठी?’ रघु म्हणाला. ‘दोन पोरं हायेत मला. पावती द्या, मागे कंटेनर बोंबलतोय.’

गायकरांनी पावती दिली. शुक्रवारी बारवी धरणाचं पाणी नळाला येणार नव्हतं, हे तलरेजांना आदल्या दिवशी लिहायचं त्यांच्याकडून प्रथमच राहिलं. शुक्रवारी सकाळी लिहिलं, पण तोवर उशीर झाला होता. शनिवारी त्यांनी फक्त ‘मी ७०’ लिहिलं.

शनिवारी दुपारी बारा वीसला श्रद्धा शेलार केबिनमध्ये आल्या. दिवसाच्या सगळ्या पावत्यांचा हिशेब शेठच्या फोनवर आपोआप जावा, अशी सोय त्यांना करायची होती. पाच मिनिटांत गायकरांच्या नावाचं काम झालं.

‘आता मुकेश अंकलच्या लॉगिनमध्ये,’ त्या म्हणाल्या. त्यांनी दुसऱ्या नावावर क्लिक केलं, आकडे टाकले. पिन त्यांनीच घालून दिले होते. तोच निळ्या चुण्यांचा पडदा आला. उजव्या बाजूला ‘चार्ज’.

गायकर मागे उभे होते.

‘ही तीच फाइल ना?’

‘कुठली? चार्ज? नाही काका, ही त्यांची कॉपी. तुमची तुमच्याकडे आहे. जुन्या डेस्कटॉपवरचं सगळं मी दोघांना दिलं. म्हटलं नंतर ओरडायला नको, आमचं उडवलं म्हणून.’

‘म्हणजे मी लिहितो ते त्याला दिसत नाय?’

‘कसं दिसेल? वेगळा युजर आहे. शेठना कळायला हवं, कोणाच्या पाळीत कुठली पावती फाटली. दोन नावं बघता की रोज तुम्ही.’

‘ती हजेरी,’ गायकर म्हणाले. ‘मला वाटलं हजेरी हाय.’

हजेरीच्या वहीत नावं वेगळी असली तरी वही एकच असते. नाव दाबून पुढे गेलं की पलीकडे सगळ्यांची एकच खोली, असं त्यांनी धरलं होतं. फाइल तीच होती, जागा तीच होती, शेवटची ओळही तीच होती. शंका यायचं कारण नव्हतं.

श्रद्धा हसल्या. मग त्यांनी मागे वळून पाहिलं आणि हसायच्या थांबल्या.

‘उघडा जरा,’ गायकर म्हणाले.

‘काका, दुसऱ्याची फाइल आहे.’

‘अकरा वर्षं माझीच हाय.’

श्रद्धांनी उघडली. शनिवारच्या निमंत्रणाखाली पाच नोंदी होत्या.

सोमवार: ‘साईं, काल दोन वाजेपर्यंत थांबलो. कढी फार झाली, आज भी वही. नवीन डबा बघितला? शेठने पडद्यावर चादर टाकली आहे. डबल बेड. माल ठीक, कलर जाणार. मी ९०.’

मंगळवार: ‘कुछ तो लिख. शिवी लिही. मी ९०.’

बुधवार: ‘लाडू मिळाले. लाडू ठेवतोस म्हणजे गुस्सा नाही. मग लिहीत का नाहीस? मी ९०.’

गुरुवार: ‘लाडू बायकोने पण खाल्ले. ती विचारते, हा दोस्त खरोखर आहे की तू बनवलास? मी ९०.’

शुक्रवार: ‘पाणी नव्हतं. झिरो ठीक. प्रिंटर ठीक.’

शुक्रवारच्या नोंदीत वजन नव्हतं. गायकरांनी ती दोनदा वाचली.

‘एक करता येतील काय?’ त्यांनी विचारलं.

‘येतील की. दोघांना दिसेल अशा जागी एकच फाइल ठेवते. बाकीच्या दोन्ही काढून टाकते, म्हणजे पुन्हा घोळ नको. हा आठवडा कसा घालू? तुमचं आधी की त्यांचं?’

‘त्याचं आधी.’

श्रद्धांनी तलरेजांच्या पाच नोंदी वर चिकटवल्या, त्याखाली गायकरांच्या पाच. काम संपायला एक वाजत आला. त्या स्कूटरवर बसून गेल्या.

एकला गायकर कुलूप लावून घरी जातात. त्या दिवशी गेले नाहीत. अकरा वर्षांत प्रथमच ते एक ते चार केबिनमध्ये बसले. डबा खाल्ला. दोनच्या सुमाराला पांढरं कुत्रं प्लॅटफॉर्मवर येऊन पडलं. लाल आकडा वीस झाला आणि तसाच राहिला. तीन वीसला त्यांनी एकत्र केलेल्या फाइलमध्ये शेवटी एक ओळ लिहिली: ‘उद्या येऊ का? किती वाजता?’ नेहमीप्रमाणे फाइल बंद केली, कॉम्प्युटर बंद केला. बंद करायचं बटण आता त्यांना सापडतं.

तीन बावन्नला तलरेजांची स्कूटर आली. हेल्मेट न काढताच ते दारात थांबले.

‘साईं? तू इथे? कोण गेलं? शेठ?’

‘कोण नाय गेलं.’

‘मग या टाइमाला?’

‘त्या कॉम्प्युटरात दोन खोल्या हाईत,’ गायकर म्हणाले. ‘तू तुझ्या खोलीत लिहीत व्हतास, मी माझ्या. आज बाईनं दाखवलं. आता एक केली.’

तलरेजांनी हेल्मेट काढलं. समजायला त्यांना थोडा वेळ लागला.

‘मतलब, हफ्ताभर मी भिंतीशी बोललो?’

‘मी पण.’

‘तुझी भिंत तरी काही बोलली?’

‘नाय. तुझी?’

‘लाडू दिले तिने,’ तलरेजा म्हणाले, आणि दोघं हसले.

‘चादर म्हणालास ते वाचलं,’ गायकर म्हणाले.

‘चादरच आहे. मी सगळी उमर चादरी विकल्या, मला नको सांगू.’

‘मी कुठं सांगतो?’

तलरेजांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. गायकरांनी कुत्र्याला हाकललं. आकडा शून्य झाला.

‘बारीक झालास,’ तलरेजा म्हणाले.

‘सत्तर.’

‘ते माहीत आहे.’

रोज चार ओळी लिहिणाऱ्या या माणसांचं समोरासमोरचं बोलणं तीन मिनिटांत संपलं होतं. कढीचा विषय तलरेजांनी काढला नाही. एकदा बोलावून झालं होतं. गायकरांनीही काढला नाही. ते त्यांनी लिहून ठेवलं होतं, त्यामुळे आपल्या बाजूनं विचारून झालं, असं ते धरून होते.

तीन अठ्ठावन्नला पत्र्याच्या गुंडाळ्या भरलेला ट्रेलर रस्त्यावरून वळला आणि त्यानं हॉर्न दिला. तलरेजा केबिनमध्ये गेले. कॉम्प्युटर सुरू केला, आपल्या नावावर क्लिक केलं.

‘निघतो मग,’ गायकर खिडकीतून म्हणाले.

‘हां. सांभाळून जा. बदलापूरला रस्ता खोदलाय.’

‘माहीत हाय.’

मोटरसायकल दुसऱ्या किकला सुरू झाली.

चार पस्तीसला गाड्यांमध्ये थोडी उसंत मिळाली, तेव्हा तलरेजांनी फाइल उघडली. आधी स्वतःच्या नोंदी आल्या, मग गायकरांच्या. त्या त्यांनी सावकाश वाचल्या. ‘फूल हाय की चादर’पाशी ते एकटेच हसले. शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला त्यांना सहा मिनिटं लागली. त्यांनी दाराबाहेर पाहिलं. मग दोन बोटांनी टाइप केलं:

‘ये. एक वाजता. इस बार बघू मत बोलना. मी ९०.’

फाइल बंद केली. नऊला कॉम्प्युटर बंद करून त्यांनी केबिनला कुलूप लावलं. गायकर तेव्हा चामटोलीला होते. ताट येऊन गेलं होतं.

उद्या रविवार आहे. रविवारी काटा बंद असतो. कॉम्प्युटर सोमवारी पहाटे पाच चाळीसला सुरू होतो.